यिंगशिएनचा कललेला मनोरा: टेपपासून यंत्रबुद्धीपर्यंत

जुन्या लाकडी वास्तू जपण्याच्या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्ता उतरली आहे. तिची खरी परीक्षा कुठे आहे हे बघायचं तर चीनच्या शांशी प्रांतातला यिंगशिएनचा पॅगोडा बघावा. १०५६ साली ल्याओ राजवटीत बांधलेला, ६७ मीटरहून उंच. बाहेरून मजले पाच दिसतात. आतले छुपे धरले तर नऊ. खांब आणि तुळयांच्या मध्ये भार पेलणारे लाकडी तोडे, म्हणजे तिथले 'दोउगोंग', पन्नासहून अधिक प्रकारचे आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे काही खांब आता डोळ्यांना दिसतील इतके कलले आहेत.

या वास्तूचं शास्त्रशुद्ध मोजमाप पहिल्यांदा घेतलं ते वास्तुइतिहासकार ल्यांग स-छंग यांनी, १९३३ मध्ये. मनोरा अजून उभा आहे की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी 'यिंगशिएनमधला सर्वांत चांगला फोटो स्टुडिओ' एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकलं. फोटो आला! फोटोवाल्याने मोबदला म्हणून मागितले पत्र लिहायचे कागद. गावात ते मिळत नव्हते. पुढे ल्यांग सहकाऱ्यासह तिथे गेले आणि थेट शिखराच्या लोखंडी साखळ्यांना धरून वर चढले.

त्यांच्या हाताशी ११०३ सालचा 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाचा ग्रंथ होता. त्यात लाकडाच्या आडव्या छेदाची आठ मापं ठरवून दिली आहेत. एकदा त्यातलं एक निवडलं की बाकीची मापं त्याच हिशेबाने निघतात. मनोरा त्या ग्रंथाच्या आधीचा, त्यामुळे मापं तंतोतंत जुळतीलच असं नाही. पण लेझर स्कॅनमधल्या, म्हणजे लेझर किरणांनी घेतलेल्या मोजमापातल्या, कोट्यवधी बिंदूंच्या ढिगातून खांब कुठला, तुळई कुठली, तोडा कुठला हे वेगळं काढायला यंत्राला शिकवायचं, तर अशी नियमबद्ध रचना फार सोयीची पडते.

भेगांचं काम मात्र किचकट. लाकूड वाळताना तडकतंच, त्यातल्या बहुतेक भेगा निरुपद्रवी असतात. छायाचित्रातली भेग यंत्र झटकन पकडतं. ती भार पेलणाऱ्या सांध्यात शिरली आहे का, गेल्या दहा वर्षांत वाढली का, हे एका छायाचित्रावरून कळत नाही. त्यासाठी जुनी नोंद लागते. शिवाय यंत्राला शिकवायला नमुनेही थोडेच, कारण एवढा जुना आणि उंच लाकडी मनोरा दुसरा नाही.

कलण्याच्या कारणांचा शोधही नोंदींकडेच नेतो. १९२६ च्या लढाईत मनोऱ्याला तोफगोळे लागले. मग १९३० च्या दशकात स्थानिक मंडळींनी दुरुस्तीच्या उत्साहात वरच्या मजल्यांच्या मातीने लिंपलेल्या भिंती काढून जाळीदार दारं बसवली. त्या भिंतींच्या पोटात तिरके आधार होते, तेही गेले. देखणेपणासाठी केलेला हा बदल तोफांपेक्षा महाग पडला असावा, असं मला वाटतं. संगणकावर मनोऱ्याचं प्रतिरूप उभं करताना म्हणूनच दोन अवस्था मांडाव्या लागतात: भिंतींसह आणि भिंतींविना.

दुरुस्ती कशी करायची यावर तज्ज्ञांचा वाद दशकानुदशकं चालू आहे. सगळा मनोरा उतरवून पुन्हा बांधावा, वरचे मजले उचलून खालचे खांब सरळ करावेत, की जागच्या जागीच आधार द्यावेत? उतरवायचा तर प्रत्येक तुकडा मूळ जागी परत बसेल याची खात्री हवी, आणि जुनं लाकूड काढताना फुटायची भीती असतेच. प्रतिरूपावर तिन्ही पर्याय करून पाहता येतात. कुठला धोका पत्करायचा, ते माणसांनाच ठरवायचं आहे.