वैनगंगेचा युरिया आणि खाडीतले सूत्रकृमी

खरीप आला की युरियाच्या टंचाईच्या बातम्या येऊ लागतात, कृषी केंद्रांपुढे रांगा लागतात आणि एकरी किती गोण्या पडल्या याचा हिशेब घरोघर होतो. पिकाने न घेतलेल्या युरियाचा हिशेब मात्र सहसा कुणी करीत नाही. धानाच्या बांधीत टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमीच पिकाच्या वाट्याला येते. काही अमोनिया होऊन हवेत जाते, काही मातीत राहते आणि उरलेले पावसाच्या पाण्याबरोबर नाल्याला लागते. भंडारा-गोंदियाचे हे पाणी वैनगंगेत उतरते, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात, कोरिंगाच्या खारफुटीपाशी, बंगालच्या उपसागराला मिळते. वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. परंतु पाण्यात विरघळलेले नायट्रेट, म्हणजे युरियातल्या नत्राचे जिवाणूंनी बनवलेले एक रूप, वाहिल्याने फार तर विरळ होते, नाहीसे होत नाही. ते मोठ्या प्रमाणावर नाहीसे होते ते गाळात, आणि खाडीच्या गाळात या कामाला ज्यांचा हातभार लागतो ते प्राणी इतके लहान आहेत की त्यातले बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

त्यातले मुख्य म्हणजे सूत्रकृमी, दोऱ्यासारखे बारीक कृमी. सूत्रकृमी म्हटले की शेतकऱ्याला वांग्या-टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. मात्र या कुळातले असंख्य प्रकार पिकाच्या वाटेला जात नाहीत. खाडीच्या एक चौरस मीटर चिखलात ते दहा लाखांच्या घरात, कित्येकदा त्याहूनही अधिक असतात. लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटर आणि जाडी केसापेक्षा कमी. कुणी जिवाणू गिळतो, कुणी सूक्ष्म शैवाल फोडून त्यातला रस शोषतो, तर कुणी दुसऱ्या सूत्रकृमीलाच खातो. चाळणीच्या अर्ध्या-एक मिलिमीटरच्या छिद्रांतून निसटणाऱ्या अशा प्राण्यांचा वेगळा गट मॉली मेअर या संशोधिकेने १९४२ साली मानला. त्यांच्याच शेजारी बोटभर लांबीचे, अंगाच्या दोन्ही बाजूंना केसाळ पाय असलेले वलयी कृमी बिळे करून राहतात.

आता मुख्य गोष्ट. गाळात प्राणवायू फक्त वरच्या काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. त्याखाली तो संपतो आणि लोह व गंधक यांच्या संयुगामुळे गाळ काळा पडतो. उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या बोडीच्या (लहान तलावाच्या) काठचा गाळ फावड्याने उभा कापला, तर वरची पिवळसर तपकिरी साय आणि खालचा काळा, कुजक्या वासाचा थर स्पष्ट दिसतो. नीट पाहिले तर त्या काळ्या थरातही कुठे कुठे सुतासारख्या बारीक बिळाभोवती गंजाच्या रंगाचे कडे आढळते. बिळातून प्राणवायू खाली उतरला आणि त्याने तिथल्या लोहाला गंज चढवला, याची ती खूण आहे. धानाचे बुंध उपटल्यावर मुळांवर दिसणारा तांबूस लेपही याच क्रियेचा.

नत्राचा निकाल लागायला दोन पायऱ्या लागतात आणि त्यांच्या गरजा नेमक्या उलट आहेत. अमोनियमचे, म्हणजे युरिया विरघळल्यावर आधी तयार होणाऱ्या नत्राच्या रूपाचे, नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू मात्र प्राणवायू जवळजवळ संपलेला असेल तिथेच ते काम करतात, कारण तिथे ते श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. म्हणून दोन्ही कामे जवळजवळ चालण्याची जागा म्हणजे प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या गाळाची सीमा. भावाभावांत वावराच्या वाटण्या झाल्या की जमीन तेवढीच राहते पण धुरे, म्हणजे बांध, वाढतात. कृमी गाळाचे तेच करतात. हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर गाळाचा पृष्ठभाग १०,००० चौरस सेंटिमीटर. त्यात १० सेंटिमीटर खोल आणि ४ मिलिमीटर व्यासाची १,००० बिळे असली, तर त्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळच सुमारे १२,५०० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे सीमा दुपटीहून अधिक होते. शिवाय वलयी कृमी बिळात अंग हेलकावून ताजे पाणी आत खेचतात आणि त्याबरोबर नायट्रेटही आत येते. सूत्रकृमींची बिळे एवढी मोठी नसतात. ते कणाकणांमधून सरपटत गाळ मोकळा करतात आणि जिवाणूंना सतत चरत राहिल्याने उरलेले जिवाणू जोमाने वाढते राहतात. बाल्टिक समुद्राच्या गाळावरचा एक प्रयोग २०१४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा सूक्ष्म प्राण्यांची रेलचेल असलेल्या गाळात नायट्रेटचा वायू होण्याचा वेग, ते कमी असलेल्या गाळाच्या दुप्पट आढळला.

तलावात टाकली की पाणी निर्मळ करणारी ‘जिवाणूंची पुडी’ हल्ली विकली जाते. नायट्रेट फोडणारे जिवाणू गाळात आधीच मुबलक असतात. वानवा असते ती प्राणवायूच्या सीमेची, आणि ती पुडीतून मिळत नाही.

या व्यवस्थेला मर्यादाही आहे. नत्र प्रमाणाबाहेर आले की शेवाळ माजते, ते मरून तळाशी बसते आणि ते कुजवताना जिवाणू तळचा प्राणवायू संपवतात. मोठे वलयी कृमी आधी मरतात, बिळे बुजतात आणि काळा थर पृष्ठभागापर्यंत चढतो. मग पहिली पायरीच अडते: प्राणवायूअभावी अमोनियमचे नायट्रेट होत नाही, वायू होऊन निघून जाण्याची वाट बंद होते आणि गाळातले अमोनियम पुन्हा पाण्यात उतरून पुढच्या शेवाळाचे खत होते.