आग्रिकोला, मिकाएल

आग्रिकोला, मिकाएल : (सु. १५१० – ९ एप्रिल १५५७). फिनलंडमधील ल्यूथरपंथी धर्मसुधारक, तुर्कूचा बिशप व फिनिश ग्रंथभाषेचा प्रवर्तक. त्या काळी फिनलंड स्वीडनच्या राज्यात मोडत असे. दक्षिण किनाऱ्यालगतच्या पेर्नाया परगण्यातील तोर्स्बी गावी शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. ‘आग्रिकोला’ (लॅटिनमध्ये शेतकरी) हे त्याने विद्यार्थिदशेत धारण केलेले नाव होय.

त्याच्या मातृभाषेविषयी एकमत नाही. पेर्नाया हा प्रामुख्याने स्वीडिश भाषकांचा परगणा असल्यामुळे आणि त्याच्या फिनिश वाक्यरचनेत परकी वळणे आढळत असल्यामुळे काही अभ्यासक त्याला स्वीडिश भाषक मानतात. परंतु ही वळणे भाषांतरातून, मूळ ग्रंथांच्या ओढीने आलेली असू शकतात. त्याचा शब्दसंग्रह व म्हणींची जाण पाहता फिनिश तो पुढे शिकला असे म्हणणे कठीण जाते. बालपणापासून तो द्वैभाषिक असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पूर्वेकडील वीपुरी शहरात शिक्षण घेऊन तो १५२८ मध्ये तुर्कूला आला व बिशप मार्टिनस स्किट्टे याच्या कार्यालयात लेखनिक झाला. १५३६ मध्ये त्याला जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठात पाठविण्यात आले. तेथे धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर व त्याचा सहकारी मेलँक्थन यांच्या हाताखाली अध्ययन करून, दोघांची शिफारसपत्रे घेऊन तो १५३९ मध्ये परतला आणि तुर्कूच्या कॅथीड्रल शाळेचा प्रमुख झाला. हे पद राजा गुस्ताव्ह वासा याने १५४८ मध्ये काढून घेतले.

फिनिशमधील पहिले मुद्रित पुस्तक आबेसेकिरिया (अंकलिपी व प्रश्नोत्तरी) हे त्याचेच. त्याच्या पहिल्या आवृत्तीची अखंड प्रत उपलब्ध नाही; ती सामान्यतः १५४३ ची मानतात. त्यानंतर प्रार्थनासंग्रह (१५४४), बायबलमधील ७१८ पानांचा नवा करार (१५४८) व स्तोत्रसंहिता (१५५१) प्रसिद्ध झाली. नव्या कराराच्या भाषांतरासाठी त्याने ग्रीक, लॅटिन, जर्मन व स्वीडिश पाठ समोर ठेवले. पाया तुर्कूच्या बोलीचा, कारण धर्मपीठ तेथे होते. सिंहाला शब्द नव्हता, म्हणून त्याने ‘यालोपेउरा’ (उमदे हरीण) हा योजला. तो पुढे मागे पडला.

त्याची लेखनपद्धती सुसंगत नाही. ‘क’ ध्वनीसाठी तो कधी के, कधी सी, कधी क्यू वापरतो. ‘अरण्य’ या अर्थाच्या शब्दात दातांमधून निघणारा घर्षक ध्वनी (इंग्रजी ‘थिंक’मधल्यासारखा) होता, जर्मन धाटणीने आग्रिकोलाने तो टी-झेड असा लिहिला. बोलींतून हा ध्वनी लोपला, अक्षरे राहिली. सुशिक्षित वाचक ती ‘त्स’ अशी वाचू लागले आणि आज प्रमाण फिनिशमध्ये ‘मेत्सा’च्या जवळचा उच्चार रूढ आहे, तर पश्चिमेकडील बोलींत ‘मेत्ता’ ऐकू येते. डी या अक्षराचेही तसेच: त्याने दर्शविलेला घर्षक नाहीसा झाला व स्वीडिश सवयीने वाचलेला ‘द’ प्रमाणभाषेत बसला. उच्चाराने लेखन ठरावे असा सर्वसाधारण समज. येथे ते उलटे घडले.

आग्रिकोलाचे धर्मशास्त्र स्वतंत्र प्रज्ञेचे नाही. त्याची सुधारणा सौम्य होती. प्रार्थनासंग्रहात ल्यूथरसोबत तुर्कूच्या मध्ययुगीन उपासनाग्रंथातील (१४८८) मजकूरही आहे. १५५४ मध्ये, पोपच्या संमतीवाचून, राजाने त्याला बिशप नेमले आणि त्याच वेळी वीपुरीचे वेगळे धर्मपीठ करून तुर्कूचे क्षेत्र घटविले. त्यानंतरही आग्रिकोलाने बिशपचा पारंपरिक मुकुट घालून उपासना चालविली. स्तोत्रसंहितेच्या पद्य प्रस्तावनेत त्याने हामे व कारेलिया या फिनिश प्रदेशांतील जुन्या दैवतांची निंदेसाठी यादी दिली. फिनिश लोकधर्माचे आद्य साधन म्हणून ती आज अभ्यासली जाते. फिनिश राष्ट्रीय महाकाव्य कालेवालातील (१८३५) वैनामोइनेन व इल्मारिनेन हे नायक तीत भेटतात.

रशियाशी तहाची बोलणी करण्यास गेलेल्या शिष्टमंडळातून परतताना कारेलियाच्या संयोगभूमीवर त्याचे निधन झाले. वीपुरीच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. त्याचे समकालीन चित्र उपलब्ध नसून पुतळे काल्पनिक आहेत. ९ एप्रिल हा दिवस फिनलंडमध्ये फिनिश भाषा दिन म्हणून पाळतात. कालेवालाचा संकलक एलियास लोनरूट याचा जन्मही त्याच तारखेचा (१८०२). आग्रिकोलाचा मुलगा क्रिस्तियान पुढे तालिनचा (एस्टोनिया) बिशप झाला.