वाचलं की नोंद झाली

काही वर्षांपूर्वी एका बगने, म्हणजे कोडमधल्या चुकीने, माझा अर्धा दिवस खाल्ला. स्क्रीनवर भाषा बदलायचं बटन होतं. ते दाबलं की मेनू बदलायचा, शीर्षकं बदलायची, पण फोटोखालची ओळ जुन्याच भाषेत ढिम्म बसून राहायची. नेमकं काय चाललंय ते कळावं म्हणून मी त्या कोडच्या सुरुवातीला एक ओळ टाकली: सध्याची भाषा कोणती ते छाप. बस, एवढंच. आणि बग गेला! ओळ काढली, बग परत आला. पुन्हा टाकली, पुन्हा गेला. नुसती छापणारी ओळ कोड दुरुस्त कशी काय करेल?

ती करत होती, आणि त्यात जादू काही नव्हती. पण ते समजायला आजची बहुतेक ॲप्स स्क्रीन ताजी कशी ठेवतात, ते आधी बघावं लागेल.

फोनमधला साधा फोटो अल्बम घ्या. पाच फोटो आहेत, पाचवा उघडलेला आहे, खाली ‘५ / ५’ असा काउंटर आहे. तुम्ही डिलीट दाबता. फोटो एकच गेला, पण हलायला किती गोष्टी हव्यात: आता चौथा फोटो दिसायला हवा, काउंटर ‘४ / ४’ व्हायला हवा, फोटोखालची तारीख बदलायला हवी, आणि तो एकुलता एक फोटो असता तर ‘अल्बम रिकामा आहे’ असं यायला हवं. जुन्या पद्धतीत डिलीटच्या कोडमध्येच या सगळ्यांना एकेक करून कळवावं लागे. मग सहा महिन्यांनी कुणीतरी ‘निवडलेले सगळे डिलीट करा’ हे नवं बटन जोडतं आणि काउंटरला कळवायचं विसरतं. स्क्रीनवर ‘५ / ३’ झळकतं. असली विसंगती कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये तुम्हीही पाहिली असेल.

यावरचा उपाय म्हणजे जबाबदारीची दिशाच उलटी करायची. डिलीटने काउंटरला कळवायचं नाही, तर काउंटरनेच सांगायचं की ‘मी कशाकशापासून बनतो’. बाकीचं यंत्रणा बघून घेईल. ही कल्पना तुम्ही वर्षानुवर्षं वापरत आहात, कारण स्प्रेडशीट म्हणजे हेच. बेरजेच्या चौकटीत आपण सूत्र लिहितो. वरचा आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते.

‘आपोआप’ हा शब्द मात्र फसवा आहे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजीकॅल्क हे स्प्रेडशीट बाजारात आलं. ते चौकटी ठरलेल्या क्रमाने मोजायचं: एकतर ओळीमागून ओळ, नाहीतर स्तंभामागून स्तंभ. वरच्या चौकटीचं सूत्र खालच्या चौकटीवर अवलंबून असेल, तर वरची चौकट जुना आकडा धरून मोकळी व्हायची आणि वापरणाऱ्याला उद्गारचिन्हाचं बटन दाबून पुन्हा मोजायला लावावं लागायचं. गंमत म्हणजे याचं उत्तर दहा वर्षं आधीच सापडलेलं होतं. रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी १९६९ मध्ये लॅनपार नावाची प्रणाली लिहिली, आणि त्यात सूत्रं कुठे लिहिली आहेत याला महत्त्वच नव्हतं. कोण कोणावर अवलंबून आहे यावरून क्रम ठरायचा. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला १९७० मध्ये. ते हातात पडलं १९८३ मध्ये, आणि तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. त्याच वर्षी आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्येही हा ‘नैसर्गिक क्रम’ होता.

कोण कोणावर अवलंबून आहे, याचं चित्र काढलं की ठिपके आणि बाण तयार होतात. यालाच डिपेंडन्सी ग्राफ म्हणतात. (ग्राफ म्हटल्यावर शाळेतला बारीक चौकटींचा कागद आठवतो, तो इथे विसरायचा.) आपल्या अल्बमचा ग्राफ छोटा आहे. मुळाशी दोनच गोष्टी: फोटोंची ‘यादी’ आणि वापरणाऱ्याने केलेली ‘निवड’, म्हणजे कितवा फोटो. यादीवरून ‘संख्या’ निघते. निवड आणि संख्या यांतला लहान आकडा म्हणजे ‘जागा’, कारण चारच फोटो असताना पाचवा दाखवता येत नाही. यादी आणि जागा मिळून ‘उघडा फोटो’ ठरतो. शेवटी स्क्रीन. प्रोग्रामर मंडळी मुळातल्या गोष्टींना हल्ली ‘सिग्नल’ म्हणतात, त्यांवरून निघणाऱ्यांना ‘कॉम्प्युटेड’, आणि शेवटच्या टोकाला स्क्रीनवर रंगरंगोटी करणाऱ्यांना ‘इफेक्ट’.

स्प्रेडशीटमध्ये बाण काढणं सोपं असतं. सूत्रात चौकटींची नावं लिहिलेलीच असतात. सूत्र नुसतं वाचलं तरी पुरे. पण साध्या प्रोग्रामिंगच्या भाषेत सूत्र म्हणजे अख्खं फंक्शन, कोडचा नाव दिलेला तुकडा. त्यात जर-तर आहे, त्यातून दुसरी फंक्शन्स बोलावली जातात. बाण कुठून शोधायचे?

इथली युक्ती मला अजूनही फार आवडते. फंक्शन वाचत बसायचं नाही, ते सरळ चालवायचं. चालवण्याआधी एका सामाईक पाटीवर त्याचं नाव लिहायचं: ‘सध्या उघडा फोटो चालू आहे’. सिग्नल म्हणजे नुसती किंमत (आत ठेवलेली माहिती) नसते. ती किंमत मागितली की एक छोटं फंक्शन चालतं. ते फंक्शन किंमत देता देता पाटीकडे बघतं आणि तिथे ज्याचं नाव असेल ते आपल्या वहीत टिपून ठेवतं. काम संपलं की पाटी पुसायची. ‘उघडा फोटो’ चालताना त्याने यादी मागितली, यादीच्या वहीत त्याचं नाव गेलं. मग त्याने जागा मागितली. जागा अजून मोजलेलीच नाही, म्हणून पाटीवर ‘उघडा फोटो’च्या वर ‘जागा’ हे नाव चढलं. तिने निवड आणि संख्या मागितली, त्यांच्या वहीत ‘जागा’ची नोंद झाली. जागा मोजून झाली, नाव उतरलं, खाली पुन्हा ‘उघडा फोटो’. सगळं संपतं तेव्हा ग्राफ तयार असतो, आणि तो कुणीही काढलेला नसतो. वाचणं हीच नोंदणी. २०१० मध्ये आलेल्या नॉकआउट या लायब्ररीने (लायब्ररी म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून लिहिलेला तयार कोड) वेब प्रोग्रामर मंडळींना या पद्धतीची गोडी लावली.

शिवाय दर वेळी फंक्शन चाललं की जुन्या नोंदी खोडून नव्या होतात. फोटोखालची तारीख ‘माहिती दाखवा’ चालू असतानाच दिसत असेल, तर ते बंद असताना तारीख वाचलीच जात नाही, आणि मग तारखेत काहीही बदल झाला तरी त्या ओळीला उठवायचं कारण नाही. ग्राफ सारखा रूप बदलत असतो.

आता फोटो डिलीट करू. खरी कसोटी इथे लागते.

यादीच्या वहीत दोन नावं आहेत: आधी ‘उघडा फोटो’, मग ‘संख्या’. कारण ‘उघडा फोटो’ने यादी आधी मागितली होती आणि संख्येची पाळी नंतर आली. यादी बदलताच वहीतल्या क्रमाने सगळ्यांना हाका मारल्या, तर पहिली हाक ‘उघडा फोटो’ला. तो उठतो, नवी यादी घेतो, तिच्यात चारच फोटो. जागा विचारतो, तर तिला अजून कुणी उठवलेलं नाही. ती जुनंच उत्तर देते: पाच. चार फोटोंतला पाचवा काढ! हाती येतं शून्य, आणि त्या शून्याची तारीख काढायला गेलेला प्रोग्राम तिथेच आडवा होतो. पुढच्याच क्षणी जागा चार होणार होती, पण तोवर उशीर झालेला असतो. याला ‘ग्लिच’ म्हणतात: अर्धं जग नवं, अर्धं जुनं, आणि दोन्ही एकाच फंक्शनने एकदम पाहिलं. एकाच मुळापासून निघालेल्या दोन वाटा पुढे एकत्र येतात तिथे हे घडतं. आकृती काढली तर पत्त्यांतल्या चौकटसारखी दिसते. त्यातही वाईट म्हणजे कोडमध्ये यादीआधी जागा मागितली असती, तर वहीतला क्रम उलटला असता आणि हा बग दिसलाच नसता. असे बग मला सगळ्यात जास्त घाबरवतात.

सरळ उपाय म्हणजे आधी क्रम लावणं: ज्याचे सगळे पुरवठादार मोजून झालेत, त्यालाच हात लावायचा. त्याची रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवली आहे. पण ग्राफ सतत बदलत असेल, तर दर वेळी अख्खा क्रम लावत बसणं परवडत नाही. म्हणून आजच्या बऱ्याच लायब्ररी दोन फेऱ्यांत काम करतात. पहिल्या फेरीत कुणीच काही मोजत नाही. बदललेल्या यादीपासून बाणांच्या दिशेने फक्त ठपके मारत जायचं. थेट यादी वाचणारे ‘शिळे’. त्यांच्या पुढचे, म्हणजे जागा आणि स्क्रीन, ‘बहुधा शिळे’. दुसरी फेरी उलट्या दिशेने. स्क्रीन विचारते, उघडा फोटो कोणता? तो जागेला विचारतो. जागेवर ठपका आहे, त्यामुळे ती जुनं उत्तर देत नाही. आधी संख्येला विचारते. संख्या नव्याने मोजते: चार. जागा: चार. चौथा फोटो. नवं-जुनं एकत्र बघायची वेळ कुणावरच येत नाही.

‘बहुधा’ला इथे खरंच अर्थ आहे. समजा तुम्ही दुसरा फोटो बघत असताना मागचा पाचवा डिलीट झाला. संख्या बदलली, पण जागा दोन होती ती दोनच राहिली. मग फक्त जागेवर अवलंबून असलेल्यांनी पुन्हा कष्ट कशाला करायचे? त्यांचा ठपका न मोजताच पुसला जातो. उघडा फोटो नव्याने काढला जातो खरा, पण निघतो तोच. त्यामुळे तो रंगवणाऱ्या इफेक्टला कुणी हलवत नाही. चित्र लुकलुकत नाही ते यामुळे.

सगळे याच वाटेने गेले असंही नाही. वेब ॲप्स बनवायचं साधन असलेलं जुनं अँग्युलर दर वेळी सगळ्या किमती तपासून बघायचं, काही बदललेलं दिसलं की पुन्हा फेरी, आणि दहा फेऱ्यांत स्थिर झालं नाही तर हात वर करून एरर द्यायचं. २०१३ मध्ये आलेल्या, तशाच कामाच्या रिॲक्टने बाण ठेवलेच नाहीत: स्टेट (साठवलेली माहिती) बदलली की ती ज्याची आहे तो स्क्रीनचा तुकडा, म्हणजे कंपोनंट, पुन्हा चालवा, जुनं आणि नवं चित्र ताडून बघा, फरक तेवढा स्क्रीनवर न्या. समजायला हे सोपं आहे. पण त्यातही इफेक्ट कशावर अवलंबून आहे याची यादी हातानेच लिहावी लागते, आणि हाताने लिहिलेल्या यादीत काही ना काही राहतंच. इकडे अँग्युलरने २०२३ मध्ये सिग्नल स्वीकारले, आणि २०२४ मध्ये ते थेट जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेतच आणावेत असा प्रस्ताव भाषेच्या समितीपुढे गेला. माझा कल सिग्नलकडे आहे, पण ते फुकट मिळत नाहीत.

आता माझ्या बगकडे. ती फोटोखालची ओळ बनवणारा इफेक्ट आधी सर्व्हरकडून माहिती मागवत होता, ती येईपर्यंत थांबत होता आणि मग भाषा वाचत होता. थांबला त्या क्षणी ब्राउझर इतर कामांना लागला आणि पाटी पुसली गेली. माहिती आल्यावर इफेक्टने भाषा वाचली खरी, पण भाषेने पाटीकडे पाहिलं तेव्हा ती कोरी होती. कोण विचारतंय ते कळलं नाही, नोंद झाली नाही. माझी छापणारी ओळ मात्र थांबण्याच्या आधी होती. भाषा छापायची म्हणजे ती आधी वाचायची, आणि वाचली की नोंद झाली. दुरुस्ती एवढीच होती की भाषा वाचणारी ओळ दोन ओळी वर न्यायची.

याच्या उलटंही होतं. नुसतं डोकावून बघायचं असतं, पण नोंद होऊन बसते आणि इफेक्ट नको तेव्हा उठतो. म्हणून जवळपास प्रत्येक लायब्ररीत ‘न नोंदवता वाच’ अशी सोय ठेवावी लागते. इफेक्ट जो सिग्नल वाचतो त्यातच लिहायला लागला, तर तो स्वतःलाच उठवत राहतो. एक्सेल अशा चक्राला आधी इशारा देतं, आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिलीत तर मुळात ठरवून दिल्याप्रमाणे १०० फेऱ्यांवर थांबतं. आणि वह्या कुणीतरी साफ करायला हव्यात. अल्बमची खिडकी बंद केली, पण यादीच्या वहीतलं तिचं नाव खोडायचं राहिलं, तर ती खिडकी मेमरीत तशीच जिवंत राहते. पन्नास वेळा उघडून बंद केली, तर पुढचा फोटो डिलीट करताना पन्नास अदृश्य स्क्रीन मुकाट्याने आपापला काउंटर मोजत बसतात, आणि फोन का तापतोय ते कुणालाच कळत नाही.