नेपल्सचं 'रक्त' हलवलं की पातळ का होतं?

दर सप्टेंबरात एक बातमी नेमाने येते: इटलीतल्या नेपल्समध्ये संत जेन्नारोचं रक्त पुन्हा वितळलं. तिच्या शेपटीला तितक्याच नेमाने एक ओळ जोडलेली असते, 'विज्ञानाकडेही याचं उत्तर नाही.' बातमीबद्दल माझी तक्रार नाही. कुपीतला पदार्थ पातळ होतो, आणि भर गर्दीसमोर होतो. शेपटीचं मात्र १९९१ सालानंतर काही खरं राहिलेलं नाही.

जेन्नारो हा ख्रिस्ती बिशप. सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, इ.स. ३०५च्या सुमारास, त्याचा शिरच्छेद झाला असं परंपरा सांगते. त्याचं रक्त म्हणून जपलेला गडद पदार्थ नेपल्सच्या कॅथेड्रलमध्ये काचेच्या बंद कुपीत आहे. मे महिन्यात, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला ती लोकांपुढे आणतात. पदार्थ पातळ झाला की पांढरा रुमाल हलवून तसं जाहीर करतात. कधी तो लगेच पातळ होतो, कधी तासन्‌तास लागतात, कधी होतच नाही. या वितळण्याची पहिली नोंद १३८९ सालची. मधली हजारावर वर्षं कोरीच.

साधं रक्त असं वागत नाही. रक्त गोठतं ते फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं तयार होऊन, आणि ते एकदा मोडलं की पुन्हा विणलं जात नाही. मग मेण किंवा चरबी असेल, उबेने वितळत असेल? जुन्या संशयवाद्यांचं हे लाडकं उत्तर, पण लंगडं. मे आणि डिसेंबरच्या हवेत केवढा फरक, आणि पदार्थ तर दोन्ही वेळा वितळतो.

१९९१ साली गार्लास्केल्ली, रामाच्चिनी आणि देल्ला साला या तीन इटालियन संशोधकांनी 'नेचर'मध्ये वेगळा मुद्दा मांडला: थिक्सोट्रॉपी. काही पदार्थ स्थिर असताना घट्ट राहतात आणि हलवले की वाहू लागतात. भिंतीचा रंग ब्रशखाली सरसर पसरतो, पण भिंतीवर ओघळत नाही, त्यामागे हीच करामत असते.

त्यांची कृती मला फार आवडते. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात खडूची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड हळूहळू घालायची. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, जवळजवळ गंजच, पण इतका बारीक की तळाशी बसत नाही. या कणांवर धनभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सगळं पातळ राहतं. मग द्रावण पातळ पडद्यातून 'धुवायचं': नकोसे क्षार बाहेर जातात, कण आत राहतात. आता चिमूटभर मीठ. मिठातले क्लोराइड आयन कणांभोवती गोळा होतात आणि त्यांचा धनभार झाकतात. ढकलण्याचा पल्ला आखूड झाला की कण इतके जवळ येतात की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आलेल्या कणांमधली क्षीण ओढ, त्यांना पकडतं. मीठ जास्त झालं तर कणांच्या गुठळ्या होऊन साका बसेल. बेताचं असेल तर पकड ढिली राहते, कणाकणाने भांडंभर जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकतं; यालाच जेल म्हणतात. या पकडीची ऊर्जा कणांच्या उष्णताजन्य धडपडीच्या फार तर काही पट. त्यामुळे एक हिसका बसला की जाळं तुटतं आणि जेल वाहू लागतं. ठेवून दिलं की ब्राउनी गतीने, म्हणजे पाण्याच्या रेणूंचे धक्के खात, भटकणारे कण पुन्हा एकमेकांना भेटतात, आणि जेल परत तयार.

या गुणधर्माचं १९२३ सालचं एक अगदी सुरुवातीचं वर्णन लोखंडाच्या ऑक्साइडच्या जेलचंच होतं. आणि कृतीत चौदाव्या शतकातल्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचं काही नाही. फेरिक क्लोराइड तर ज्वालामुखीजवळ खनिज म्हणून सापडतं, आणि व्हेसुव्हियस नेपल्सच्या डोक्यावरच आहे.

आता समारंभाकडे पाहा. पदार्थ वितळला का, हे कसं बघतात? कुपी कलती करून, उलटी करून, पुन्हा पुन्हा. बघण्याच्या या कृतीतूनच जाळं तोडायला लागणारा हिसका मिळतो. फसवण्याचा हेतू कुणाचाही असायची गरज नाही.

अर्थात याने कुपीत गंजाचं जेलच आहे हे सिद्ध होत नाही. कुपी उघडून नमुना तपासलेला नाही. १९०२ साली तिच्यातून प्रकाश पाठवून हिमोग्लोबिन दिसल्याचा दावा झाला, पण जुन्या काचेतून साध्या वर्णपटदर्शकाने, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणाने, लाल-तपकिरी पदार्थ ओळखणं भरवशाचं नाही. खुद्द चर्चने याला अधिकृतपणे चमत्कार ठरवलेलं नाही. वार्ताहर चर्चच्याही पुढे गेलेत.

शकुनांचा धंदा मात्र जोरात. डिसेंबर २०२० मध्ये पदार्थ वितळला नाही, तेव्हा अशुभाची कुजबुज झाली. त्याच वर्षी मे आणि सप्टेंबरमध्ये तो वितळला होता, आणि महासाथ तेव्हाही चालूच होती, हे कुणी मोजलं नाही.

कुपी न फोडताही बरंच कळू शकेल. एखाद्या १९ सप्टेंबरला प्रार्थना नेहमीसारख्या होऊ द्याव्यात, पण कुपी कंपन न पोचणाऱ्या टेबलावर ठेवून कुणी हात लावू नये. पदार्थ नुसता कॅमेऱ्याने पाहावा. आणि सण नसलेल्या एखाद्या मंगळवारी, एकही प्रार्थना न म्हणता, ती समारंभात कलती करतात तेवढ्याच वेळा कलती करावी.