बॉम्बे नावाचं गाव, समुद्राच्या पातळीखाली

नाव बॉम्बे बीच, पण सगळा गाव आपल्या गिरगावातल्या एखाद्या चाळीत मावेल. २०२० च्या जनगणनेत इथे २३१ माणसं होती. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल काउंटीतल्या या गावाला ना नगरपालिका, ना महापौर. कारभार काउंटी पाहते. गाव समुद्रसपाटीच्या सुमारे ६८ मीटर खाली आहे. इथे वीस-बावीस मजली टॉवर बांधला, तर त्याची गच्ची जेमतेम समुद्राच्या पातळीला येईल.

इथली जमीन ताणली जाऊन खचत आलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या आखाताचं पाणी आत शिरत नाही, कारण कोलोरॅडो नदीने हजारो वर्षं गाळ टाकून मध्ये उंच आडभिंत घातली आहे. गंमत म्हणजे, समुद्र अडवणाऱ्या त्याच नदीने पुढे हा खळगा भरला. १९०४ साली शेतीचा कालवा गाळाने तुंबला, म्हणून नदीकाठ फोडून नवी वाट काढली. तिला दरवाजाच बसवला नाही! १९०५ मध्ये पूर आला आणि नदी घुसली ती जवळपास दोन वर्षं. शेवटी रेल्वे कंपनीने वाघिणीच्या वाघिणी दगड ओतून १९०७ मध्ये भगदाड बुजवलं. मागे उरलं सॉल्टन सी नावाचं तळं; बॉम्बे बीच त्याच्याच काठावर.

१९५०-६० च्या दशकांत इथे बोटी, मासेमारी, सुट्टीची घरं अशी धमाल होती. पण या तळ्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. येतं ते बहुतेक शेतांमधून निचरलेलं, क्षार आणि खत घेऊन. जातं ते फक्त वाफ होऊन. मिठाचं पाणी आटवत राहावं आणि वरून पुन्हा मिठवणीच ओतावं, तसं. आज हे पाणी समुद्राहून कितीतरी खारट आहे. खतावर माजलेलं शेवाळ कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्यांतला मुख्य तिलापिया, म्हणजे उजनीवर ज्याला चिलापी म्हणतात तोच. किनाऱ्यावर पांढरी वाळू दिसते, पण पाय टाकला की करकर वाजते. ती माशांची हाडं आणि बार्नेकलची, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या जीवांची, कवचं.

त्यात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाचं, म्हणजे मोठे भूकंप घडवणाऱ्या जमिनीतल्या लांबलचक भेगेचं, दक्षिण टोक गावाजवळच. २००९ आणि २०१६ मध्ये छोट्या भूकंपांची मालिका झाली, तेव्हा यातून मोठा भूकंप तर होणार नाही ना, म्हणून शास्त्रज्ञांचे कान टवकारले होते.

१९७६-७७ च्या वादळांत तळं गावात शिरलं, म्हणून भोवती मातीचा बांध घातला. आज त्या बांधावर चढून पाहिलं तर पाणी खूप लांब दिसतं.