हिरड्या उतरल्याने होणारी दंतसंवेदना

हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडल्यावर गार, गरम, गोड वा आंबट लागताच उठणारी क्षणिक, तीव्र कळ. बोलीत यालाच दात शिवशिवणे किंवा आंबणे म्हणतात. किडीचा ठणका वेगळा. तो घोट गिळल्यावरही रेंगाळतो आणि रात्री झोपमोड करतो.

सुश्रुतसंहितेतील ‘दंतहर्ष’ या वातजन्य रोगात दातांना शीत, उष्ण व स्पर्श सोसत नाही. लक्षणे जुळतात, परंतु त्या वर्णनात हिरडी उतरल्याचा उल्लेख नसल्याने दोन्ही विकार एकच मानणे घाईचे ठरेल.

कळ नेमकी कशी उठते, याबद्दल मतभेद आहेत. मुळावर एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य कवच, नसते. मुळावरच्या सिमेंटम या आवरणाचा पातळ थर घासून गेला की त्याखालच्या डेंटीन या थरातील सूक्ष्म नलिकांची तोंडे उघडी पडतात. मज्जातंतू या नलिकांच्या फक्त आतल्या टोकाकडच्या भागात आढळतात, बाहेरच्या तोंडापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे तेच थेट चेतवले जातात हे जुने मत मागे पडले. नलिकांतील द्रव हलतो व त्याने तंतू चेतवले जातात, ही कल्पना दंतवैद्य आल्फ्रेड गीझी यांनी 1900 च्या सुमारास सुचवली. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रोम यांनी 1960 च्या दशकात तिला प्रयोगांचा आधार दिला. 1987 मधील एका अभ्यासात शिवशिवणाऱ्या दातांत उघड्या नलिका सुमारे आठपट आणि दुप्पट रुंद आढळल्या. प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताने वाढतो, म्हणजे रुंदी दुप्पट झाली की तो सोळापट होतो. डेंटीन घडवणाऱ्या पेशीच गारवा ओळखतात, असे 2021 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. तरी उपचारांची मांडणी आजही मुख्यतः द्रवसिद्धांतावरच उभी आहे.

निदानासाठी शेजारचे दात झाकून एकाच दातावर हवेचा झोत सोडतात. दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, नख फिरवल्यास पुष्कळदा खाच लागते. ती बहुधा दाबून, आडवे ब्रश केल्याची खूण असते. म्हणून आधी मऊ ब्रश आणि हलका हात. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत.

पेस्टमधील 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट तंतू शांत करते असे मानतात. स्टॅनस फ्लोराइड, स्ट्रॉन्शियमचे क्षार आणि आर्जिनिन नलिकांची तोंडे बुजवतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आठच दिवसांत पेस्ट बदलणारे हकनाक कळ सोसत राहतात. दवाखान्यात फ्लोराइडचे वार्निश लावतात, खाच खोल असल्यास भरतात.

महाराष्ट्रात दातदुखीवर मिसरी लावली जाते. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने हिरड्यांची हानी होते, कर्करोगाचा धोका वाढतो. ती उपाय म्हणून कोणालाही सुचवू नये.

टाळूतील ऊती बसवून मूळ झाकता येते. हिरडी किती उतरली यावरून मिलर यांनी 1985 मध्ये केलेल्या वर्गीकरणातील पहिल्या दोन वर्गांत ते पूर्ण झाकले जाण्याची अपेक्षा असते, तिसऱ्यात अंशतः, चौथ्यात नाही. मूळ झाकले तरी कळ जाईलच, याची मात्र तितकी खात्री देता येत नाही.