शेतकऱ्यानेच भरायचा धोक्याचा तक्ता

विहिरीचा केसिंग पाइप, म्हणजे तिच्या आत उतरवलेली नळी, जमिनीच्या वर किती आलाय? गोठा विहिरीच्या चढाला आहे की उताराला? फवारणीचा पंप कुठे धुता? वापरात नसलेली जुनी विहीर नीट बुजवली आहे का?

अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 'फार्म-ए-सिस्ट' नावाचे तक्ते तयार झाले, त्यात अशा प्रकारचे प्रश्न असत. प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने. एका टोकाला सगळ्यात कमी धोका, दुसऱ्या टोकाला सगळ्यात जास्त. आपली परिस्थिती जिथे बसते तिथे शेतकऱ्याने स्वतः खूण करायची. कोणी साहेब येत नाही, दंड होत नाही, कागद घरातच राहतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 1993 पासून याच जातीची एक जाडजूड वही आहे. तिच्यात 23 तक्ते आहेत.

कागदावर खुणा करून पाणी कसं स्वच्छ होणार, ही शंका रास्त आहे. पण एक साधा प्रश्न घ्या: फवारणीची टाकी भरताना पाण्याच्या पाइपाचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडतं का? अनेकांचं बुडतं, कारण तसं केल्याने फेस कमी येतो आणि पाइप हातात धरून उभं राहावं लागत नाही. टाकीत औषध आधीच ओतलेलं असतं. अशा वेळी मोटर बंद पडली की पाइपातलं पाणी विहिरीकडे परत उतरायला लागतं आणि सायफन होऊन टाकीतलं औषधाचं पाणीही ओढून नेतं. महिनाभर शेतात जेवढं झिरपणार नाही तेवढं विष काही मिनिटांत थेट विहिरीत. उपाय काय, तर पाइपाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वीतभर वर ठेवायचं. खर्च शून्य. नाहीतर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. आपल्याकडे ठिबकमधून खत सोडणाऱ्यांनाही हे लागू आहे. व्हेंचुरी, म्हणजे खताचं पाणी लाइनमध्ये ओढून घेणारं साधन, चालू असताना वीज गेली आणि लाइनला असा व्हॉल्व्ह नसला, तर विद्राव्य खत विहिरीच्या वाटेला लागू शकतं.

या तक्त्यांचा सगळा भर पिण्याच्या विहिरीवर असण्यामागे जुना अनुभव आहे. 1945 मध्ये आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांबद्दल लिहिलं. बाळांचं वरचं दूध शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. बाळाच्या पोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. वाईट भाग असा की काळजीपोटी पाणी उकळलं तर वाफ जाते, नायट्रेट मागे राहतं आणि आणखी दाट होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या भूजलात बऱ्याच ठिकाणी ती ओलांडली गेल्याचं केंद्रीय भूजल मंडळ सांगतं. आपली मृदा आरोग्य पत्रिका मातीतलं नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश सांगते, पण उकिरडा विहिरीपासून किती दूर आहे हे विचारत नाही. ही उणीव मला मोठी वाटते.

आपलं वागणं बिनचूक असलं म्हणजे भागलं, असंही नाही. मे 2000 मध्ये ओंटारिओतल्या वॉकर्टन गावात नळाच्या पाण्यातून ई. कोलाय जिवाणू पसरला. सात माणसं दगावली, सुमारे 2,300 आजारी पडली. जिवाणू आला होता विहिरीजवळच्या एका शेतात टाकलेल्या शेणखतातून. पण चौकशी आयोगाने त्या शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्याची पद्धत योग्यच होती. विहिरीचं केसिंग जेमतेम पाच मीटर खोल होतं, खाली भेगाळलेला चुनखडक होता आणि त्यात चार-पाच दिवस जोराचा पाऊस झाला. क्लोरीनही पुरेसं टाकलं जात नव्हतं, वर नोंदवहीत खोटे आकडे. म्हणून चांगला तक्ता आधी मातीचा पोत आणि खडकाची खोली विचारतो, खताचं नंतर.

हे सगळं ऐच्छिक का? अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याचा जोर कारखान्याच्या पाइपावर आहे. पाइपाचं तोंड सापडतं, तिथे नमुना घेता येतो. शेतावरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला असं एक तोंड नसतं आणि कायद्याने ते वगळलंच आहे. मग उरतो तो शेतकऱ्याचा विश्वास. मिशिगन राज्याने 1998 मध्ये याची रीतसर योजना केली आणि 2011 मध्ये तिला कायद्याचा आधार दिला. आधी प्रशिक्षण, मग तंत्रज्ञासोबत शेतावर धोक्याची पाहणी, त्रुटी दूर झाल्या की पडताळणी. उत्तरं गोपनीय राहतात आणि पडताळणी पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. गोपनीयता ही पळवाट आहे असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. शेजाऱ्याच्या कानावर जाईल या धास्तीने खोटा भरलेला तक्ता काय कामाचा?

खरी मर्यादा वेगळी आहे. ऑगस्ट 2014 मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना जवळपास तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नाही. इरी सरोवरात माजलेल्या नीलहरित शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं आणि इथेही उकळून उपयोग नव्हता. शेवाळाला पोसणारं स्फुरद येतं मुख्यतः सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून, म्हणजे हजारो शेतांतून थोडं थोडं. एकेकाच्या हिशेबाने ते किरकोळ असतं. पिकाला कमी पडेल एवढ्या स्फुरदावर सरोवर हिरवंगार होतं.

त्यात एक अडचण चांगुलपणातूनच आली. धूप थांबावी म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी नांगरट कमी केली. माती वाहून जाणं घटलं, पण वरून फेकलेलं खत मातीत न मिसळता वरच्या थरात साचू लागलं. ते पावसात विरघळून, शेताखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्याला जाऊ लागलं. ओहायोतल्या टिफिन या गावातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे लोक 1970 च्या दशकापासून या नद्यांचे नमुने घेत आहेत, म्हणून विरघळलेल्या स्फुरदाची 1990 च्या दशकापासूनची वाढ त्यांच्या नोंदींत दिसली. आवारातल्या डिझेलच्या टाकीवर तक्ता बोट ठेवू शकतो, अख्ख्या खोऱ्याच्या बेरजेवर नाही. ओहायोने 2019 पासून खत जमिनीत पेरणाऱ्या आणि पाणथळ जागा राखणाऱ्या शेतकऱ्यांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. सरोवरात जाणारं स्फुरद 2025 पर्यंत 40 टक्क्यांनी घटवायचं ठरलं होतं. ते उद्दिष्ट हुकलं.